वजनमापांचे संग्रहालय मोडीत निघाले, त्याविषयी

गिरणाकाठ (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावी, जुन्या धान्य बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका वाड्याच्या माडीवर तीन खोल्यांचे वजनमापांचे संग्रहालय होते. गेल्या पावसाळ्यानंतर ते बंद झाले आणि या उन्हाळ्यात त्यातील बहुतेक वस्तू मोडीच्या भावाने विकल्या गेल्या. मला हे तीन आठवड्यांनी, तेही एका लग्नाच्या पंगतीत समजले. ते संग्रहालय काय होते आणि त्याबरोबर नेमके काय गेले, हे एकदा लिहून ठेवावे म्हणून हा धागा काढत आहे. व्यक्तींची आणि संस्थेची नावे मी मुद्दाम घेत नाही. ओळखणारे ओळखतीलच, परंतु त्यांनीही प्रतिसादांत नावे लिहू नयेत, ही विनंती.

संग्रह उभा केला तो प्राथमिक शाळेतल्या एका गुरुजींनी. त्यांचे वडील बाजारात मापाडी होते. धान्याच्या राशीपुढे बसून पायली भरायची, ओतायची आणि मोठ्याने मोजायचे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. पहिल्या मापाला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत, आणि मग दोन, तीन. भारतात १९५६ मध्ये वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला आणि एप्रिल १९६२ पासून जुनी वजने व्यवहारातून बाद झाली. गुरुजी सांगत की त्या दिवसांत बाजारातील पितळी पायल्या तांबटांकडे जाऊन त्यांची ताटे आणि तपेली झाली, आणि शेरांची गोल लोखंडी वजने दाराला अडसर म्हणून किंवा लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून घराघरांत राहिली. वडिलांची पायली मात्र त्यांनी जपून ठेवली. नोकरीत बदली होईल त्या त्या गावी ते मापे मागत हिंडू लागले. गिरणाकाठ, तापीकाठ, पांझरेकाठ असे करत निवृत्तीपर्यंत घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा ही माडी भाड्याने घेतली आणि संस्थेची नोंदणी केली.

तेथे काय होते, हे थोडे विस्ताराने सांगतो. मापी, म्हणजे कैली मापांची पूर्ण उतरंड होती: दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. अंकलिपीत हे आपण पाठ केले, पण एकात एक बसवून ठेवलेले प्रत्यक्षात पाहणे वेगळे. लाकडी पायल्या होत्या, लोखंडी कड्यांनी आवळलेल्या. सोनारांचे काटे होते, त्यांच्याबरोबर छोट्या डबीत गुंजा. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. गुरुजी ब्रिटिश अमदानीतला १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा तोळा दाखवत आणि मग विचारत, "आज जळगावात तोळा म्हणून दहा ग्रॅम देतात, मग बाकीचे दीड ग्रॅम गेले कुठे?" मुले गोंधळून एकमेकांकडे पाहत. गुरुजी हसत.

आणि ती जोडी होती. दोन पितळी पायल्या, दोन्हींच्या काठाखाली एकाच हाताने ठोकलेले एकच नाव. गुरुजींनी त्या नावावर कागदाची पट्टी चिकटवली होती, कारण त्या घराण्यातील मंडळी अजून त्याच गावात राहतात. गुरुजी एक पायली मुगाने काठोकाठ भरत, काठावरून लाकडी पट्टी फिरवत आणि ते मूग दुसरीत ओतत. दुसरी भरत नसे. वर बोटभर जागा रिकामी राही. एक पायली द्यायची आणि एक घ्यायची. कुळाला दाणे उसने देताना लहान, आणि खळ्यावर वसूल करताना मोठी.

विक्रीची जी पावती मला दाखवण्यात आली, तिच्यावर चार ओळी आहेत: पितळ मोड, तांबे मोड, बीड, लाकूड किरकोळ. पुढे किलो आणि रुपये.

माझे दुःख धातूचे नाही. पायली आजही जुन्या बाजारात मिळते. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी गुरुजींनी पांढऱ्या तैलरंगाने क्रमांक घातला होता आणि त्या क्रमांकापुढे नोंदवहीत गाव, घर, मिळाल्याची तारीख, आणि ते माप शिगेचे (काठावर ढीग चढवून भरायचे) की सपाट, हे लिहिले होते. भांडे आणि ही नोंद एकमेकांपासून सुटली की ते भांडे कोठलेच राहत नाही. ती जोडी तर फुटलीच. त्या दोन पायल्या एकत्र होत्या तोवर पुरावा होत्या. वेगवेगळ्या झाल्यावर त्या निव्वळ दोन भांडी आहेत.

---

दादरची भाकर

गिरणाकाठ जिभाऊ, आपण लिहिलेले वाचून सुन्न झालो. आमच्या शाळेची सहल तेथे गेली होती. 'शिगेला पोचणे' हा वाक्प्रचार मापाच्या काठावर चढलेल्या शिगेवरून आला, हे मला तेथे कळले. घरी येऊन मी ते आईला सांगितले, तर ती म्हणाली, "मग तुला काय वाटलं होतं, डोंगराची शीग?"

एक विचारतो, राग मानू नये. विकण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या संग्रहालयाला विचारले गेले होते का?

---

जिनवाला

या संग्रहालयात कापसाच्या खंडीचा एक तक्ता भिंतीवर होता आणि तो आमच्या जिनिंगमधून (कापसातून सरकी काढून रुई करण्याच्या कारखान्यातून) गेलेला होता, म्हणून लिहितो. लोकांना वाटते की जुनी मापे १९६२ मध्ये संपली. रुईचा भाव आजही बाजारात खंडीलाच बोलला जातो, आणि ती खंडी ३५५.६ किलोची, म्हणजे ७८४ पौंडांची. मुंबईची सर्वसाधारण खंडी मात्र ५६० पौंडांची होती, २८ पौंडांचा मण आणि असे २० मण. कापसाची खंडी वेगळी, धान्याची वेगळी, आणि कैली खंडी आणखी तिसरीच. गाठ १७० किलोची बांधायची आणि भाव खंडीचा सांगायचा, हे नव्या हिशेबनिसाला समजावताना आम्ही त्याला त्या माडीवर पाठवत असू. अर्ध्या तासात तो शिकून येई.

एक शंका. पायली म्हणजे चार शेर आणि शेर ९३३ ग्रॅमचा, तर पायली सरळ पावणेचार किलोची झाली. मग गावोगाव फरक कसला?

---

गिरणाकाठ

जिनवाला दादा, येथेच सगळ्यांची गफलत होते आणि गुरुजींचा निम्मा वेळ ती दूर करण्यात जात असे. शेर दोन. ८० तोळ्यांचा तो वजनी शेर, त्याचे ९३३ ग्रॅम होतात आणि १९३९ च्या केंद्रीय कायद्याने त्याचे प्रमाण ठरलेले होते. मापी शेर म्हणजे भांड्याचे आकारमान. त्यात बाजरी भरली तर वजन एक भरेल, भुईमुगाच्या शेंगा भरल्या तर दुसरे, आणि शीग लावली की तिसरे. शिवाय पायली कोणत्या पेठेची यावर ती केवढी हे ठरे, आणि किती पायल्यांचा मण, हेही सगळीकडे एक नव्हते: कोठे १६, कोठे १२. मुंबई प्रांताने १९३२ मध्ये वजनमापांचा कायदा केला, त्याआधीच्या खानदेशात तर शेजारच्या दोन आठवडे बाजारांच्या पायल्या जुळतील याची खात्री नसे. म्हणूनच कोणत्या भांड्याचे गाव कोणते, ही नोंद भांड्याइतकीच मोलाची.

आणि आपण भाजीवालीकडे आजही 'पावशेर' मिरची मागतो आणि ती २५० ग्रॅम देते. खरा पावशेर २३३ ग्रॅमचा. म्हणजे या एका बाबतीत तरी गिऱ्हाईक फायद्यात आहे.

---

लिंबाचा पार

मी या धाग्यावर लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. माझे वडील त्या संस्थेचे विश्वस्त आहेत आणि त्या पावतीवर त्यांची सही आहे.

दादरची भाकर यांनी विचारले आहे, म्हणून सांगतो: विचारले होते. तीन ठिकाणी पत्रे पाठवली. एका ठिकाणाहून उत्तर आले की निवडक दहा वस्तू घेऊ, उरलेल्या ठेवायला जागा नाही. दुसऱ्या ठिकाणाहून पोच आली, नंतर काही नाही. तिसऱ्या ठिकाणी वडील स्वतः गेले होते, तेथे त्यांना बाकावर बसवून ठेवले आणि संध्याकाळी उद्या या म्हणून सांगितले. वडिलांचे वय ७८ आहे.

गुरुजी गेल्यानंतर सहा वर्षे वीजबिल, भाडे आणि झाडणाऱ्या बाईंचा पगार तीन म्हाताऱ्या माणसांनी खिशातून भरला. मागच्या पावसाळ्यात माळवदाला भगदाड पडले, मधल्या खोलीत घोटाभर पाणी साचले आणि वाड्याच्या मालकाने दिवाळीपर्यंत जागा मोकळी करा असे सांगितले. तो चुकला असेही मी म्हणणार नाही, कारण ते माळवद खरोखर कोसळण्याच्या बेतात होते. वस्तू सात महिने आमच्या गोठ्यात होत्या. या धाग्यावर हळहळणाऱ्यांपैकी कितीजण गेल्या सहा वर्षांत त्या माडीवर चढले, हे मी विचारणार नाही. अभिप्राय वही माझ्याकडे आहे आणि तिची शेवटची पाने कोरी आहेत.

मोड घेणारा आला तेव्हा वडील ओट्यावर पाठ करून बसले होते.

---

कोर्टाची पायरी

लिंबाचा पार, आपल्या वडिलांचा मान राखूनच लिहितो. वकिलीत अशी दोन प्रकरणे पाहिली आहेत, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. ती कोणावर दोषारोप करण्यासाठी नाही. अशा संग्रहांना कायदा कोठे अपुरा पडतो, हे सर्वांना ठाऊक असावे, एवढाच हेतू.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ३६ प्रमाणे विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. स्थावर, म्हणजे जमीन आणि इमारत. संग्रहालयाची संपत्ती बहुतांशी जंगम असते आणि तिला हे कलम लागू होत नाही. गुरुजींच्या संस्थेचा एखादा दहा फुटांचा प्लॉट असता तर तो विकायला महिनोन्‌महिने लागले असते. तीन खोल्या भरून मापे मात्र एका दुपारी, कायदा न मोडता, जाऊ शकली. नोंदणीच्या परिशिष्टात जंगम मिळकतीची नोंद असते खरी, पण ती बहुधा एका ओळीची असते: 'जुनी भांडी व वजने' आणि पुढे अंदाजे किंमत. त्या एका ओळीतून कोणती पायली कोणत्या गावची, हे कोणालाही शोधता येणार नाही.

संस्था १८६० च्या नोंदणी कायद्याखालची असेल तर विसर्जनाच्या वेळी उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, तीन पंचमांश सभासदांनी ठरवलेल्या दुसऱ्या संस्थेला द्यावी लागते. परंतु ही तरतूद विसर्जनानंतरची आहे. संस्था कागदावर जिवंत ठेवून वस्तू विकल्या, तर ती आड येत नाही.

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ हा तिसरा मार्ग. शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू त्याच्या व्याख्येत बसतात आणि त्यांचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. पण माप शंभर वर्षांचे आहे हे सिद्ध करायचे कशाने? नोंदवहीनेच. म्हणजे पुन्हा आपण गिरणाकाठ यांच्याच मुद्द्यावर येतो.

माझा सल्ला विचाराल तर, ज्यांचे असे घरगुती संग्रह आहेत त्यांनी हयातीतच आपल्या पश्चात तो संग्रह कोणत्या संस्थेकडे, अखंड की विभागून, जावा हे लेखी ठरवावे आणि त्या संस्थेची लेखी संमतीही घेऊन ठेवावी. आधी संमती घेतलेली नसली की काय होते, ते वर आलेच आहे.

---

सावदा जंक्शन

अप्रिय होईल, पण लिहितो. अशी संग्रहालये आज पायलीला पन्नास आहेत. कोणी दिवे जमवतो, कोणी अडकित्ते, कोणी काड्यापेट्यांची वेष्टणे. माणूस गेला की छंद संपतो, हे स्वाभाविक नाही का? आमच्याकडे केळीच्या वजनातली कटती (व्यापारी वजनातून कापून घेतो ती घट) हा आजचा, चालू काळातला प्रश्न आहे. साठ वर्षांपूर्वी बाद झालेल्या पितळी भांड्यांसाठी एवढा शोक कशाला?

---

गिरणाकाठ

सावदा जंक्शन भाऊ, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच वाक्यात आहे. कटतीच्या नावाखाली आज जे होते, तेच त्या जोडीत होते. फरक एवढाच की कटती तोंडी असते आणि ती जोडी हातात धरून दाखवता येत होती.

दुसरे असे की जुन्या कागदांत, खतांत, बलुत्याच्या याद्यांत सगळे आकडे कैली आहेत: सुताराला इतक्या पायल्या, कुंभाराला इतक्या, सावकाराचे देणे इतके मण. हे कागद धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी जपले गेले आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले, आणि त्यांची दप्तरे रद्दीत न जाता त्यांच्या नावाने संस्था उभी राहिली, हे खानदेशाने केलेले आहे. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस १९८९ मध्ये वारले, त्यांचे घरही कलादालन म्हणून राहिले. म्हणजे आपल्याकडे हे जमत नाही असे म्हणता येणार नाही. पण कागद वाचायला मापे लागतात. त्या गावची पायली केवढी होती हे ठाऊक नसेल, तर सुताराचे पोट त्या बलुत्यात भरत होते की नाही, हे कोणताही विद्वान सांगू शकणार नाही.

लिंबाचा पार, आपल्याशी मी पहिल्या लेखात अन्याय केला. पत्रांचे मला ठाऊक नव्हते. माडीवर मी स्वतः शेवटचा चढलो त्यालाही चार वर्षे झाली. पुण्यात दिनकर केळकरांनी आपला संग्रह हयातीतच शासनाकडे सुपूर्द केला. गुरुजींच्या मनात तसे होते की नाही, हे मी कधी विचारलेच नाही, आणि विचारण्याच्या संधी पुष्कळ होत्या. दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय एप्रिल २०१६ मध्ये आगीत गेले तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत आले. आपल्याकडच्या तीन पत्रांतून काही निष्पन्न झाले नाही, त्याची बातमी होत नाही.

---

माहेरवाशीण

मी पारोळ्याकडची, आता नाशिकला असते. सगळ्या पुरुष मंडळींनी बाजार, कायदा आणि सावकार यांचे लिहिले, पण मापे आजही जिवंत आहेत ती उंबऱ्यावर. नवी नवरी माप ओलांडून घरात येते, आणि ते माप पुष्कळ घरांत स्टीलच्या तांब्याने भागवत नाहीत, देव्हाऱ्याजवळ किंवा कोठीत ठेवलेले जुने पितळी माप काढतात. माझ्या आईकडे आजेसासूपासूनचे शेराचे माप आहे. त्याच्या काठाला एके ठिकाणी खाच आहे आणि आई म्हणते की ती खाच सरकारी माणसाने तपासताना पाडली. खरे-खोटे मला माहीत नाही. पण १९६२ नंतर बाजारातील पायल्या वितळल्या, आणि घरातील मापे मात्र लग्नासाठी म्हणून वाचली, एवढे नक्की.

मग संग्रह गेला तरी मोजायची मापे गावोगाव आहेतच की. त्यांचे गाव ठाऊक आहे, घर ठाऊक आहे, आणि ती विकायलाही कोणी काढत नाही. ती फक्त मोजायची राहिली आहेत.

---

मोहरी

माहेरवाशीण ताईंचा प्रतिसाद वाचून लिहिण्याचा धीर झाला. पदव्युत्तर अभ्यासाच्या वेळी मी गुरुजींकडे दोन सुट्ट्यांत जात असे आणि त्यांच्या परवानगीने मी ६१ मापांचे आकारमान मोजले होते. ती वही माझ्याकडे आहे. प्रबंधात त्यातील एकच तक्ता गेला, बाकी तशीच पडून आहे.

पद्धत सांगते, कारण कोणाला घरातील माप मोजायचे असेल तर उपयोगी पडेल. पाणी वापरू नये. लाकडी पायली पाणी पिते आणि पितळी मापाचा सांधा झिरपतो. मी मोहरी वापरली. तिचे दाणे बारीक, गोल आणि जवळजवळ एकसारखे असतात, त्यामुळे मधली पोकळी सारखी राहते. माप सपाट जागेवर ठेवायचे, मोहरी एकाच उंचीवरून ओतायची, ठोकायचे नाही, कारण ठोकले की दाणे बसतात आणि माप जास्त घेते. मापाड्याची सगळी हातचलाखी त्या ठोकण्यातच असे, असे गुरुजी म्हणत, आणि वडील मापाडी असल्याने ते जरा लाजतच म्हणत. मग काठावरून पट्टी फिरवायची, आणि आतली मोहरी प्रयोगशाळेच्या मोजपात्रात ओतायची. असे तीनदा करायचे. तीन आकड्यांत फार फरक आला तर त्या मापाच्या काठाला पोचा पडलेला आहे किंवा आपला हात स्थिर नाही.

प्रत्येक आकड्यापुढे मी बुडाचा पांढरा क्रमांक लिहिला आहे. गावे लिहिली नाहीत. ती नोंदवहीत आहेतच, पुन्हा कशाला उतरवायची, असे तेव्हा वाटले. आज त्याचा फार पश्चात्ताप होतो.

गिरणाकाठ सरांनी लिहिलेली जोडीही माझ्या वहीत आहे. मोठी पायली लहानीपेक्षा सुमारे आठव्या हिश्श्याने मोठी भरली होती, म्हणजे पायलीमागे एक मापटे.

---

जिनवाला

पायलीमागे मापटे, म्हणजे १६ पायल्यांच्या मणामागे १६ मापटी, म्हणजे ८ शेर, म्हणजे पुऱ्या दोन पायल्या. व्याज लावण्याआधीच. खंडीवर अडीच मण. हिशेब पुन्हा करून पाहिला, बरोबर आहे.

---

लिंबाचा पार

नोंदवही आहे.

मी काल गोठ्यातील पेटी उघडली. वडिलांनी अभिप्राय वहीबरोबर तीही ठेवून घेतली होती. मोड घेणाऱ्याने रद्दी म्हणून मागितली तेव्हा "कागद देणार नाही" एवढेच ते बोलले होते, हे मला आईने काल सांगितले. वही जाड पुठ्ठ्याची आहे, गुरुजींचे अक्षर शाळेच्या फळ्यावरचे असावे तसे आहे. माळवद गळले तेव्हा ती भिजली होती. सुरुवातीपासून ११४ क्रमांकापर्यंतची पाने नीट सुटतात. पुढची एकमेकांना चिकटून वीट झाली आहे आणि ती ओढण्याचे धाडस मी केलेले नाही.

मोहरी ताई, जोडीचे क्रमांक कोणते?

---

मोहरी

२०७ आणि २०८.

माझ्या ६१ पैकी ३८ क्रमांक ११४ च्या आतले आहेत. निदान त्यांची गावे लागतील.

लिंबाचा पार, कृपा करून ती वीट उन्हात ठेवू नका, इस्त्री फिरवू नका आणि चाकू तर मुळीच घालू नका. कोरड्या कापडात सैल गुंडाळून, सावलीत, हवेशीर जागी आडवी ठेवा. जुन्या पोथ्यांचे जतन करणारी माणसे अशी पाने सोडवू शकतात, पण घरी कोणी एकदा प्रयत्न केला की मग त्यांनाही काही करता येत नाही.

---

दादरची भाकर

धुळ्याच्या जुन्या बाजारात रविवारी गेलो होतो. एका पथारीवर पितळी अडशिरी होती, बुडाला पांढऱ्या रंगाचा पुसट आकडा. अंगठा ओला करून घासले तर ९३ वाचता आले. पथारीवाल्याला विचारले, कोठून आली? तो म्हणाला, लॉटमध्ये आली, यासारखी अजून होती, दोन पुण्याचा माणूस घेऊन गेला. पायल्या होत्या का, विचारले तर म्हणाला, त्या मोठ्या भांड्यांत लोक कुंड्या लावतात, त्या आधी जातात.

अडशिरी घेतली. किंमत सांगत नाही, घरी ऐकले तर मला माप ओलांडू देणार नाहीत.

---

लिंबाचा पार

९३: गाव शिरपूरकडचे, तापीच्या अलीकडचे. 'सपाट. दादर व गहू. घरात दोन पिढ्या वापरात. काठ झिजलेला, त्यामुळे मूळ मापापेक्षा किंचित कमी भरत असावे.' हे गुरुजींचे शब्द जसेच्या तसे. दादर म्हणजे रब्बी ज्वारी.

हे उतरवताना वडील शेजारी येऊन बसले. पुढच्या नोंदी ते स्वतः वाचून दाखवतो म्हणाले, त्यांना काही घरे ठाऊक आहेत.

---

गिरणाकाठ

दादरची भाकर, ती अडशिरी मोहरी ताईंच्या वहीतही आहे का, हे त्यांनी पाहून सांगावे. असल्यास पुन्हा एकदा मोजून दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतील.

लिंबाचा पार यांच्याशी काल फोनवर बोललो. ठरले ते असे: १ ते ११४ या नोंदी ते टंकून येथे टाकतील, आठवड्याला वीस याप्रमाणे. जेथे घराण्याचे नाव येईल तेथे गुरुजींनी चिकटवली होती तशीच पट्टी आपणही ठेवू, फक्त गाव लिहू. चिकटलेला भाग कोणाकडे न्यायचा, याची चौकशी मी करतो आणि त्याचा खर्च मी व जिनवाला दादा मिळून करणार आहोत. वकीलसाहेबांनी नोंदवहीचे हस्तांतरणपत्र करून देण्याचे मान्य केले आहे, परंतु ते कोणत्या संस्थेच्या नावे करायचे हे ती संस्था लेखी हो म्हणेपर्यंत लिहायचे नाही, असा त्यांचा आग्रह आहे आणि तो मला पटतो.

माहेरवाशीण ताई, आपल्या आईकडील शेराचे माप मोजून कळवाल का? गाव, घरात किती पिढ्या आहे, शिगेचे की सपाट, आणि ती खाच काठाच्या कोणत्या बाजूला आहे. त्याला क्रमांक ११५ देऊ नये, तो चिकटलेल्या पानांत कोठेतरी आहेच. आपण नवी वही १ पासून सुरू करू.

---

माहेरवाशीण

आईला फोन केला. मोहरी किती लागेल, असे ती विचारते आहे.

---

मोहरी

शेराला किलोभर पुरे, ताई. साफ केलेली घ्या, आणि मोजून झाल्यावर ती फोडणीला चालते.